फेब्रुवारीत गावात कोण असतं?

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरला निघालं की वाटेत देवगाव फाटा लागतो. तालुका सेलू, जिल्हा परभणी. एरवी इथे थांबणारा माणूस दुसरीकडे कुठे तरी निघालेला असतो, चहा घेतो आणि पुढची गाडी धरतो. दसरा सरला की मात्र ह्या रस्त्यावरची वर्दळ निराळी होते. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, ताडपत्र्या, एखादी शेळी आणि ह्या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली बायामाणसं, लेकरं. मंठा, जिंतूर, सेलू ह्या पट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडे. काही थेट सीमा ओलांडून बेळगाव, बागलकोटला. परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये. होळी तिकडेच, कधी कधी पाडवाही.

ह्या भागातल्या एखाद्या तांड्यावर माणसं राहतात किती? ऑगस्टमध्ये विचारलं तर एक उत्तर येईल, फेब्रुवारीत दुसरं. भारत सरकार विचारतं ते फेब्रुवारीत.

२०११ च्या जनगणनेत प्रगणक घरोघर फिरले ते ९ ते २८ फेब्रुवारी. २८ च्या रात्री रस्त्यावर, पुलाखाली, फलाटावर झोपणाऱ्यांची मोजणी झाली आणि १ ते ५ मार्च ह्या दिवसांत फेरतपासणी. सगळा हिशोब धरला गेला तो १ मार्चला सुरू होताना, मध्यरात्रीच्या ठोक्याला. हा महिना आजचा नाही. इंग्रजांच्या काळात १९३१ पर्यंत मोजणी देशभर एकाच रात्री व्हायची. तिच्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधली रात्र निवडली जाई: पावसाळा नको, मोठ्या जत्रा नकोत आणि कंदील घेऊन फिरणाऱ्या मोजणीदाराला दिसावं म्हणून जमलं तर चांदणं असावं. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही, म्हणजे तेव्हाच्या परभणीतही, १८८१ पासून जनगणना होत आली ती ह्याच वेळापत्रकाने. खरिपाची कामं आटोपलेली, माणूस घरी सापडणारा, असा तो काळ.

प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला १९५० च्या आसपास. पुढे पश्चिम महाराष्ट्रात धुराड्यांची रांग लागली आणि गाळप हंगाम येऊन बसला तो नेमका ह्याच महिन्यावर. मोजणीचं वेळापत्रक आधीचं, उसाचं नंतरचं. कुणी मुद्दाम काही केलं नाही. पण परिणाम असा, की मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांच्या दाराला कुलूप असतं त्याच दिवसांत प्रगणक दारावर येतो.

ह्यावर जनगणनेकडे नियम आहे आणि कागदावर तो चोख आहे. मोजणीच्या पूर्ण काळात जो माणूस घरापासून दूर आहे, त्याला घरी मोजायचं नाही. जिथे असेल तिथे मोजायचं. म्हणजे जिंतूर तालुक्यातली टोळी फेब्रुवारीत कऱ्हाडजवळच्या माळावर असेल तर तिची नोंद सातारा जिल्ह्यात. तांड्यावर राहिलेले म्हातारे-कोतारे आणि त्यांच्याकडे ठेवलेली शाळकरी नातवंडं तेवढी परभणीच्या खात्यात.

प्रत्यक्षात काय होतं ते टोळीच्या प्रकारावर ठरतं. ‘गाडी सेंटर’ची किंवा ‘टायर सेंटर’ची टोळी बैलगाड्यांनी ऊस ओढते, म्हणून कारखान्याच्या जवळपास एकाच जागी महिनोन्‌महिने कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, करून राहते. तिथला प्रगणक हा बहुधा जवळच्या शाळेतला गुरुजी. त्याच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे घरांचा, सहाशे ते आठशे माणसांचा गट आलेला असतो, आणि त्याने मनावर घेतलं तर ह्या कोप्या मोजल्या जातात. ‘डोकी सेंटर’ची गोष्ट वेगळी. ही माणसं तोडलेल्या मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरतात आणि एका गावातला ऊस संपला की पुढच्या गावी तळ हलवतात. पहाटे अंधारात फडात जायचं, रात्री ट्रक आला की पुन्हा भरायला उठायचं. वीस दिवसांत दोन तळ बदललेल्या टोळीला गुरुजी गाठणार केव्हा? इकडचा म्हणतो तिकडे मोजले असतील, तिकडचा म्हणतो इकडे.

समजा, गुरुजी भेटले आणि जोडपं कोपीत सापडलं. आता फॉर्म. २०११ च्या कुटुंब पत्रकात २९ प्रश्न होते. स्थलांतराबद्दल जन्मस्थळ हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला. ‘याआधीचं राहण्याचं ठिकाण’ हा १९७१ मध्ये आला आणि ‘का आलात’ हा १९८१ मध्ये. ह्या ‘का’ची उत्तरं ठरावीक असतात. सुरुवातीला पाच होती: नोकरी-रोजगार, शिक्षण, कुटुंबाबरोबर, लग्न, इतर. १९९१ मध्ये त्यात व्यवसाय आला आणि दुष्काळ-पुरासारखी नैसर्गिक आपत्तीही आली. २००१ मध्ये आपत्ती काढून टाकली आणि जन्मानंतर आईबरोबर झालेल्या हलण्याला त्या यादीत जागा दिली. म्हणजे १९७२ चा दुष्काळ ज्या मुलखाने अंगावर काढला आणि पुढेही दर काही वर्षांनी काढत राहिला, त्या मुलखातल्या माणसाला ‘दुष्काळामुळे आलो’ असं देशाच्या कागदावर सांगण्याची सोय एकाच जनगणनेपुरती होती. त्यानंतर दुष्काळ ‘इतर’ मध्ये.

त्याच कोपीत बाईचं उत्तर काय लिहिलं जाईल ते पाहण्यासारखं आहे. ऊसतोडीच्या बोलीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, टनावरचा हिशोब जोडीच्या नावाने होतो आणि एकटा आलेला माणूस ‘अर्धा कोयता’. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, वाढे विकते आणि वर स्वयंपाक करते. पण ‘का आलात’ ह्या प्रश्नाला नवऱ्यापुढे ‘रोजगार’ आणि तिच्यापुढे ‘कुटुंबाबरोबर’ लिहिलं जाण्याचीच शक्यता जास्त. टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत ती निम्मा कोयता आहे. जनगणनेत सोबत आलेली बायको. इथे मला मुकादमाची वही अधिक खरी वाटते, बाकी बाबतीत तिच्याबद्दल कितीही वाईट बोलावं लागलं तरी.

उलट बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित, म्हणजे दर तिघांमागे एकाहून अधिक. आकडा दचकवणारा आहे. पण ह्यातला सर्वांत मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. सेलू तालुक्यातली मुलगी शेजारच्या मंठ्यात दिली की ती जन्मभराची स्थलांतरित. आणि दरवर्षी पाच महिने तीनशे-चारशे किलोमीटरवर ऊस तोडणारी तिची जाऊ, टोळी मोजणीतून निसटली तर, कुठेच नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने ही फट बुजवायचा प्रयत्न केला. २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत त्यांनी हंगामी स्थलांतराची वेगळी व्याख्या केली: गेल्या वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. ग्रामीण भारतात असे हजारी सतरा निघाले. व्याख्या चांगली आहे. पण गाळप लांबलं आणि टोळी सहा महिने अडकली की ती हंगामी राहत नाही. शिवाय सर्वेक्षण घरात जाऊन होतं. घराला कुलूप असलं तर दुसरं घर घेतलं जातं. जे कुटुंब सगळंच्या सगळं गेलं, ते ‘आमच्या घरातून कोण गेलं’ हे सांगणार कसं?

मग राज्यात ऊसतोड कामगार आहेत किती? भाषणांत आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत काहीही ऐकू येतं. पाठीमागच्या बाजूने हिशोब मांडून बघू. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या वर ऊस गाळला जातो. २०२१-२२ मध्ये तर तो तेरा कोटींवर गेला होता. दहा कोटी धरू. एक जोडी दिवसाला दोन टन तोडते आणि हंगाम दीडशे दिवसांचा, असं मानलं तर एका जोडीचे तीनशे टन. भागाकार केला की सव्वातीन-साडेतीन लाख जोड्या, म्हणजे सहा लाख सत्तर हजारांच्या आसपास माणसं. आता जोडीचा रोजचा ऊस दोनाऐवजी दीड टन धरा. जोड्या होतात जवळपास साडेचार लाख, माणसं आठ लाख नव्वद हजार. अर्धा टन इकडचा तिकडे केला आणि सव्वादोन लाख माणसं वाढली! यंत्राने तोडलेला ऊस, स्थानिक मजुरांनी तोडलेला ऊस वजा करायचा. कोप्यांतली लेकरं मिळवायची. तेव्हा कुणी व्यासपीठावरून ‘नक्की बारा लाख’ म्हणालं तर ते रोज किती टन धरून म्हणतात, एवढं विचारावं.

मोजायचं ठरवलं तर मोजता येतं, हेही दिसलेलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, तेव्हा राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एका जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत टोळ्या कारखान्यांवर अडकल्या, तेव्हाही लाखाहून अधिक मजुरांचा आकडा सरकारला काही दिवसांत मिळाला, कारण परतीचे परवाने द्यायचे होते आणि कारखान्यांकडे हिशोब होता. त्याच काळात, ८ मे २०२० रोजी, जालन्याहून औरंगाबादकडे रुळांवरून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. पुढे सप्टेंबरमध्ये टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर मेले असा प्रश्न संसदेत आला, तर सरकारचं उत्तर होतं, अशी माहिती ठेवलेली नाही.

निसटणाऱ्या माणसांना गाठण्याची एक युक्ती अमेरिकेतल्या अभ्यासकांनी चांगली घासून-पुसून ठेवली आहे. तिथे कागदपत्रांशिवाय राहणारे लोक किती, हा राजकारणातला धगधगता प्रश्न. आणि अशा माणसाला दारात जाऊन ‘तुझ्याकडे कागद आहेत का’ विचारून खरं उत्तर मिळणार नाही. म्हणून वॉशिंग्टनचं प्यू रिसर्च सेंटर शिल्लक काढतं. सर्वेक्षणातून परदेशात जन्मलेले एकूण किती ते घ्यायचं, सरकारी नोंदींतून कायदेशीर आलेले किती ते वजा करायचं, सर्वेक्षणातून सुटलेल्यांसाठी थोडी भर घालायची, उरेल तो अंदाज. आपल्याकडे हेच वयोगटांवर करता येतं. परभणी जिल्ह्यात २००१ मध्ये दहा ते एकोणीस वयाचे जेवढे होते, तेच २०११ मध्ये वीस ते एकोणतीस वयाचे असायला हवेत, मृत्यू वजा जाता. जेवढे कमी भरले तेवढे बाहेर गेले. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने राज्याराज्यांसाठी हा हिशोब केला, आणि शिवाय रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून आंतरराज्य स्थलांतर वर्षाला नव्वद लाखांच्या घरात असल्याचा अंदाज बांधला. ऊसतोडीची टोळी मात्र ट्रॅक्टरने आणि ट्रकने जाते. तिला तिकीट नसतं.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर दोन गोष्टी. मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको अशा स्पॅनिश-भाषक मुळांच्या लोकांना तिथे एकत्रितपणे ‘हिस्पॅनिक’ म्हणतात. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वंश म्हणून छापला. त्याला विरोध झाला, १९४० मध्ये तो गेला. १९७० मध्ये हिस्पॅनिक मुळांबद्दलचा प्रश्न नमुन्यापुरता विचारला, १९८० मध्ये सगळ्यांना. २०२० मध्ये हे लोक सहा कोटी वीस लाखांच्या वर भरले. २०२४ मध्ये पुन्हा ठरलं, की वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन प्रश्न एकातच घ्यायचे. दर वेळी मेक्सिकोहून आलेला माणूस तोच, रकाना नवा. दुसरी गोष्ट धर्माची. अमेरिकेत जनगणनेला सक्तीने धर्म विचारता येत नाही, १९७६ चा कायदाच आहे. म्हणून तिथला धर्माचा आकडा प्यूसारख्या खासगी संस्था नमुना पाहणीतून काढतात. आपल्याकडे धर्म प्रत्येकाला विचारला जातो, १८७२ पासून.

विचारला जातो म्हणून उत्तर सरळ असतं असं मात्र नाही. मराठवाड्यापुरतं सर्वांत बोलकं उदाहरण बौद्धांचं. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि १९६१ च्या जनगणनेत तोच आकडा २७ लाख ८९ हजारांवर गेला. जगाच्या लोकसंख्येच्या इतिहासात दहा वर्षांतली अशी उडी विरळा. जन्मदराने हे होत नाही, स्थलांतरानेही नाही. लोकांनी प्रगणकाला उत्तर बदलून दिलं, एवढंच घडलं. आणि ते देण्यासाठी काय मोजावं लागलं हे त्याच कागदांच्या दुसऱ्या रकान्यात दिसतं.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत जवळपास फक्त हिंदूच धरले जात. १९५६ मध्ये शीख आले, बौद्ध नाहीत. म्हणजे ‘बौद्ध’ लिहिलं की केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या होत्या, पण दिल्लीचा दाखला हवा असेल तर ‘हिंदू महार’ लिहिणं सोयीचं होतं. घराघरांत ह्यावर वाद झाले असतील, एकाच घरात दोन भावांनी दोन उत्तरं दिली असतील. १९९० मध्ये कायदा बदलला, बौद्धांनाही अनुसूचित जातीत घेतलं. आता आकडे बघा. १९८१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण ७.१ टक्के, १९९१ मध्ये ११.१ टक्के. संख्या पंचेचाळीस लाखांच्या आतून थेट साडेसत्याऐंशी लाखांपर्यंत. हा तक्ता मागचं-पुढचं न सांगता समोर ठेवला तर कुणीही लोकसंख्येच्या स्फोटावर अग्रलेख लिहील. २०११ मध्ये राज्यात बौद्ध ६५ लाख ३१ हजार होते, म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांमागे तीनांहून अधिक महाराष्ट्रात.

अशाच अग्रलेखांचा दुसरा आवडता विषय मुसलमानांचा जन्मदर, त्यावर फाट्यावरच्या चहाच्या टपरीतही तज्ज्ञ भेटतात. प्यूने २०२१ मध्ये भारताच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दाखवलं, की १९९२ ते २०१५ ह्या काळात मुस्लिम बाईमागे मुलांची सरासरी ४.४ वरून २.६ वर आली, हिंदूंची ३.३ वरून २.१ वर. अंतर होतं एक पूर्णांक एक, राहिलं अर्धं. पुढच्या पाहणीत ते आणखी घटलं, आणि तिच्यात सगळ्या महाराष्ट्राची मिळून सरासरी १.७ निघाली, म्हणजे दोन माणसांच्या जागी दोनसुद्धा येत नाहीत. ह्याहून जास्त त्या विषयात काही नाही.

जुनी मोजणी कधी उठून उभी राहील सांगता येत नाही. निजामाच्या राजवटीत कुणाला कुणबी लिहिलं, कुणाला काय, ह्या नोंदी शतकभर कपाटात होत्या. २ सप्टेंबर २०२५ ला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांनी केलेल्या उपोषणानंतर राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबत शासन निर्णय काढला, आणि मराठवाड्यात घरोघर पणजोबांची नावं शोधली जाऊ लागली. त्यापाठोपाठ बंजारा समाजही त्याच गॅझेटिअरचा दाखला देत अनुसूचित जमातीत घ्या म्हणून रस्त्यावर आला.

आणि आता पुढची मोजणी. कोविडमुळे २०२१ ची जनगणना लांबत गेली. नव्या अधिसूचनेप्रमाणे संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणसांची प्रत्यक्ष मोजणी म्हणजे पुन्हा फेब्रुवारीत. मोबाइलवर स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय आहे आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत पहिल्यांदाच प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे. ह्या आकड्यांवर काय काय बेतलेलं असतं? ग्रामपंचायतीचे सदस्य सात असावेत की सतरा, त्यांतल्या किती जागा राखीव, वित्त आयोगाचा निधी किती, हे सगळं गावच्या लोकसंख्येवर ठरतं. तांड्यावरची तरणीताठी माणसं त्या दिवसांत फडात असतील तर तांडा कागदावर म्हाताऱ्यांचा आणि लहानग्यांचा निघेल.

जातीच्या रकान्याचा पेच ह्याहून अवघड. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात. तेलंगणात ते अनुसूचित जमात आहेत. कर्नाटकात लंबाणी म्हणून अनुसूचित जाती. आणि अनुसूचित जाती-जमातींची नोंद करताना प्रगणक वापरतो ती यादी मोजणी जिथे चालली आहे त्या राज्याची. जिंतूरच्या डोंगरातल्या तांड्यावरचं एक जोडपं, दोन मुलं घेऊन, २०२७ च्या फेब्रुवारीत बागलकोटच्या फडात असेल आणि तिथल्या गुरुजींनी त्यांना गाठून प्रामाणिकपणे सगळं लिहून घेतलं, तर ती चार माणसं कर्नाटकच्या अनुसूचित जातींत जमा होतील. महिन्या-दीड महिन्याने ती ट्रॉलीत बसून देवगाव फाट्यावर उतरतील, तेव्हा इथे ती विमुक्त जातींची असतील आणि परभणी जिल्ह्याच्या बेरजेत नसतील.